आधी पत्ता, मग औषध

परसातल्या कोंबड्यांना कीड लागली की पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, 'काय मारू?' कृषी सेवा केंद्रातला माणूस गोठ्यातल्या गोचिडांसाठी ठेवलेली बाटली पुढे करतो, शेजारीण चुलीतली राख सुचवते, कुणी कडुनिंबाचा पाला सांगतं आणि तोवर मोबाईलवर चौथाच उपाय येऊन पडलेला असतो. यातला कुठलाही सल्ला अगदीच निराधार नसतो आणि कुठलाही एकटा पुरत नाही. कीड मारायची कशी हे सगळे सांगतात. ती राहते कुठे, कोंबडीवर येते केव्हा आणि तिची अंडी किती दिवसांनी फुटतात हे फारसं कुणी विचारत नाही. वास्तविक उपचाराचं निम्मं यश या तीन उत्तरांत असतं. सौम्य औषध योग्य जागी आणि योग्य दिवशी दोनदा वापरून जे साधतं, ते जहाल औषध भलत्या जागी दहादा ओतूनही साधत नाही. हे नुसतं मत म्हणून सांगून भागणार नाही, म्हणून एकेका जीवाची राहणी तपासत पुढे जाऊ.

'उवा झाल्यात' असं म्हणून ज्यांची बोळवण होते त्यांत निदान चार वेगळ्या सवयींचे जीव असतात. खऱ्या उवा सहा पायांच्या, चपट्या, वाळक्या गवताच्या रंगाच्या आणि नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या, म्हणजे साधारण दोन-तीन मिलिमीटर लांब असतात. कोंबडीच्या शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली की त्या उजेड चुकवत कातडीवरून पळताना दिसतात. माणसाच्या डोक्यातली ऊ रक्त शोषते. कोंबडीच्या उवांना मात्र चावायचे जबडे असतात आणि पिसांचे तंतू, कातडीचा कोंडा हे त्यांचं मुख्य अन्न. अंगावर राहणारी मेनाकँथस स्ट्रामिनियस ही जात तेवढी नव्या पिसांचे कोवळे देठ कुरतडून रक्तही चाटते, म्हणून तिचा त्रास सगळ्यांत जास्त. डोक्यावरच्या, पंखांवरच्या, पिसाच्या दांडीवरच्या जाती वेगवेगळ्या आहेत, पण एका बाबतीत सगळ्यांचं जमतं: जन्मापासून मरेपर्यंत मुक्काम कोंबडीवरच. खाली पडलेली ऊ आठवडाभराच्या आत मरते. लिखाही पिसांच्या बुडाशी घट्ट चिकटवलेल्या असतात; शेपटीखाली त्यांच्या पांढऱ्या गुठळ्याच दिसतात. माणसाच्या अंगावर या उवा टिकत नाहीत. पोरांच्या डोक्यातल्या उवांचं खापर कोंबड्यांवर फोडण्यात काही अर्थ नाही.

मुक्काम कोंबडीवर, म्हणजे उपचारही कोंबडीवर. इथवर कुणाचं दुमत नसतं. गणित चुकतं ते दिवसांचं. लिखा साधारण ४ ते ७ दिवसांत फुटतात आणि अंड्यापासून अंडी घालणाऱ्या उवेपर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांचा असतो. पावडर किंवा फवारा चालत्या उवेला मारतो, पण लिखेच्या कवचाआड त्याचं फारसं चालत नाही. आज पावडर लावली की उद्या कोंबडी स्वच्छ दिसते, पाळणारा डबा कपाटात ठेवून देतो, आठवड्याभरात लिखा फुटतात आणि तीन आठवड्यांनी कळप होता तिथेच येतो. मग 'औषधात दम नाही' असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वेळी मात्रा दुप्पट होते. खरं तर पहिल्याच औषधाने आपलं काम चोख केलेलं असतं. ते पुन्हा ७ ते १० दिवसांनी लावलं असतं, म्हणजे नव्या उवा जन्मल्यावर पण त्यांनी स्वतः लिखा घालण्याआधी, तर साखळी तुटली असती. लिखांच्या मोठ्या गुठळ्या झालेली पिसं मुळापासून उपटू नयेत, रक्त येतं. ती कात्रीने कापून जाळावीत. शिवाय पावडर पाठीवर भुरभुरून उपयोग नाही. कोंबडी उलटी धरून शेपटीखाली, मांड्यांमध्ये आणि पंखांच्या बगलेत ती बोटांनी कातडीपर्यंत पोचवावी लागते. दिवेलागणीनंतर कोंबड्या सुस्त असतात, तेव्हा हे काम सोपं जातं.

आता याच्या अगदी उलट राहणी असलेला जीव पाहा. तांबडा माईट, शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिनी. याला पाय आठ, म्हणजे हा किडा नसून कोळी-गोचिडांच्या गोतावळ्यातला. आकार मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. उपाशी असताना राखाडी, रक्त प्याल्यावर लाल. दिवसभर हा खुराड्याच्या फटीत, दांडीच्या खालच्या बाजूला, पत्र्याच्या सांध्यात दडून असतो. रात्री बाहेर येतो, झोपलेल्या कोंबडीवर अर्धा-एक तास रक्त पितो आणि परत फटीत जातो. अंडीही तिथेच घालतो. उबदार, दमट हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचं चक्र जेमतेम आठवड्यात पुरं होतं, आणि कोंबडी नसेल तर हा कित्येक महिने उपाशी राहू शकतो. खुराडं दोन महिने रिकामं ठेवलं म्हणजे कीड गेली, हा समज त्यामुळेच फसवा ठरतो.

या जीवाच्या बाबतीत दिवसा कोंबडी तपासणं हीच मोठी दिशाभूल आहे. अंगावर काहीच सापडत नाही, पण तुरा फिका पडत जातो, अंडी कमी होतात, कवचावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला तयार नसतात, बाहेर झाडावर नाहीतर कौलांवर बसतात. अशा वेळी मालक कोंबडीला जंताचं औषध पाजतो, खाद्य बदलतो, दोष हवामानाला देतो. खरी तपासणी रात्रीची: अंधार पडल्यावर दोन तासांनी बॅटरी घेऊन जावं आणि दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवावं. फडक्यावर तांबड्या रेघा उमटल्या की निदान झालं. दिवसा पाहायचं तर दांडी जिथे टेकते त्या खाचेत राखाडी भुकटीसारखा थर दिसतो. तो त्यांच्या कातींचा आणि विष्ठेचा असतो.

निदान झालं की उपायाची दिशाही बदलते. इथे कोंबडीला पावडर लावणं म्हणजे चोर निघून गेल्यावर ओसरीत पहारा बसवणं. उपचार करायचा तो खुराड्याचा. आतला पेंढा, तूस, जुनी गोणपाटं काढून जाळावीत. दांड्या सुट्या करून बाहेर काढाव्यात. फटी खरवडून त्यांत उकळतं पाणी ओतावं आणि वाळल्यावर चुन्याची दाट सफेदी द्यावी. सफेदीचं महत्त्व जंतुनाशक म्हणून जेवढं आहे, त्याहून अधिक फटी बुजवणारा लेप म्हणून आहे. मातीने सारवलेल्या खुराड्यातही तेच: सारवण नुसतं जमिनीला नको, भिंतीच्या भेगांतही दाबून भरावं. उष्णता हे इथलं उत्तम शस्त्र आहे. तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर काही काळ टिकलं तर हा माईट मरतो. नॉर्वेत तर रिकामे पोल्ट्री शेड यंत्राने तापवून त्याचा बंदोबस्त करतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वैशाखातल्या दुपारी हे काम फुकट होण्यासारखं आहे, पण अट अशी की लाकूड सुटं करून, दर तासाने उलटंपालटं करत, दिवसभर थेट उन्हात ठेवायला हवं. खुराड्याचं दार उघडून ऊन आत येऊ दिल्याने फटीतला गारवा जात नाही. हे सगळं आठवड्याने पुन्हा करायचं, कारण पहिल्या खेपेला फटीत खोल राहिलेली अंडी तोवर फुटलेली असतात. कोकणातल्या पावसाळ्यात ऊन मिळत नाही. तिथे उकळतं पाणी आणि चुना यांच्यावरच भिस्त.

या दोन टोकांच्या मध्ये राहणारा तिसरा जीव आपल्याकडच्या उबदार हवेत बराच आढळतो: ऑर्निथोनिसस बर्सा. हा कोंबडीवरही राहतो आणि तिच्या घरट्यातही, म्हणून उपचार दोन्हीकडे एकाच दिवशी करावा लागतो. शेपटीखालची पिसं काळपट, मळकट, चिकट झाली आणि हात लावताच बारीक ठिपके मनगटावर चढू लागले, की हा समजावा. चिमण्या, साळुंक्या, पारवे यांच्या घरट्यांतूनही तो येतो. खुराड्यावरच्या आढ्यात पाखरांनी घर केलं असेल, तर पिल्लं उडून गेल्यावर ते रिकामं घरटं काढून टाकणं हा कोंबड्यांच्या उपचाराचाच भाग आहे. पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमध्ये खिडकीबाहेरची पारव्याची पिल्लं उडून गेल्यावर घरातल्या माणसांना अचानक खाज सुटते, त्यामागेही कित्येकदा हा किंवा तांबडा माईटच असतो. माणसाला तो चावतो, पण माणसावर त्याची वंशवृद्धी होत नाही.

पायाच्या खवल्यांत शिरणाऱ्या माईटबद्दल थोडक्यात सांगून भागेल. तो खवल्यांखाली बोगदे करून राहतो, पाय जाडजूड, खरबरीत, चुना लावल्यासारखे दिसतात आणि पुढे कोंबडी लंगडते. त्याचा मुक्काम कातडीत असल्याने वर टाकलेली पावडर तिथवर पोचतच नाही. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने सुटे खवले काढून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनचा जाड थर काही आठवडे देत राहिलं की माईट गुदमरतात. काहीजण रॉकेल किंवा गाडीचं जळकं ऑइल लावतात. माईट मरतो हे खरं, पण कातडीही भाजते आणि कोंबडी चोचीने पाय साफ करते तेव्हा ते पोटात जातं. पाय पूर्ववत दिसायला महिने लागतात. तेवढ्या काळात उपचार फसला असं समजू नये. कोंबडीचा गोचीड, आर्गस पर्सिकस, राहणीने तांबड्या माईटचाच भाऊबंद. फक्त त्याची लहान पिल्लं पंखाखाली काही दिवस चिकटून बसतात. तो रक्त पितो तेवढ्यावर भागत नाही, बोरेलिया अँसेरिना या जंतूमुळे होणारा तापाचा आजारही पसरवतो. त्यात कोंबड्या पटापट मरतात. म्हणून भिंतीच्या भेगांत तो सापडला तर हयगय नको.

राहणी आणि दिवस यांचं गणित सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते खुडूक कोंबडीत. अंड्यांवर बसवलेली कोंबडी २१ दिवस जवळजवळ एकाच जागी असते. दिवसातून एकदा दाण्या-पाण्यासाठी उठते, धुळीत लोळणं, पिसं विंचरणं जवळपास बंद होतं, आणि तिच्या अंगाची ऊब व घरट्यातला दमटपणा किडीला हवा तसाच मिळतो. त्या २१ दिवसांत उवांची एक पुरी पिढी आणि माईटच्या दोन-तीन पिढ्या होतात. मग कोंबडी बेचैन होऊन मधेच अंडी सोडून उठते आणि माणसं म्हणतात, 'ही चांगली आई नाही.' अंडी फुटल्यावर पिल्लं पंखाखाली शिरतात ती थेट किडीच्या तोंडी. डोक्यावरची ऊ नाजूक पिल्लाला मारूही शकते. यावरचा उपाय अंडी ठेवण्याआधीचा आहे. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवण्याआधी तिला तपासावं, पावडर लावावी, शक्य असेल तर आठवड्याने पुन्हा लावून मगच बसवावं. टोपली नवी किंवा उकळत्या पाण्यातून काढलेली, पेंढा नवा. टोपलीच्या तळाशी राखेचा थर आणि त्यावर कडुनिंबाचा पाला घालायची आपल्याकडची पद्धत इथे अगदी जागेवर आहे. बारीक पिल्लांना कुठलंही कीटकनाशक चोळू नये. आई स्वच्छ असली की पुरे.

राखेचा विषय निघालाच आहे, तर सर्वांत वजनदार आक्षेप आताच विचारात घ्यायला हवा. तो असा: आपल्या आज्या-पणज्या राखेच्या ढिगावर कोंबड्या सोडत, ना औषध ना फवारा, आणि त्यांच्या कोंबड्या जगतच होत्या. हा आक्षेप भावुक म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. त्याला प्रयोगांचा आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोकळ्या कोंबड्यांना धुळीची पेटी देऊन पाहिली. वाळूत एकदा डायटोमेशियस माती, एकदा केओलिन नावाची पांढरी माती, एकदा गंधक मिसळलं. पेटीत लोळणाऱ्या कोंबड्यांवरच्या उवा आणि माईट आठवड्याभरातच ८० टक्क्यांहून अधिक घटले. पण दोन्ही मातींचा परिणाम पेटी असेपर्यंतच टिकला. गंधकाने मात्र दोन ते चार आठवड्यांत लोळणाऱ्या आणि न लोळणाऱ्या अशा दोन्ही कोंबड्यांवरचे माईट संपवले आणि तो असर पुढेही टिकला. त्याच विद्यापीठातल्या आधीच्या प्रयोगांत दिसलं होतं की चोच छाटलेल्या कोंबड्यांवर कीड कित्येक पटींनी वाढते, कारण त्यांना पिसं नीट विंचरता येत नाहीत. म्हणजे कोंबडी स्वतःच आपली पहिली वैद्य आहे. धूळ आणि शाबूत चोच ही तिची अवजारं.

तेव्हा आजीचं बरोबरच होतं, पण तिच्या परसाची रचना निराळी होती हे विसरून चालत नाही. तिच्या चार-सहा देशी कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरत, रात्री झाडावर किंवा डालग्याखाली बसत. डालगं रोज उचललं जाई, उन्हात पडे. आज परसात वनराज, गिरिराज, कडकनाथ आणतात ते वीस-पंचवीस, आणि बिबट्या, कुत्री, चोर यांच्या भीतीने त्यांना वीट, पत्रा आणि लाकडाच्या पक्क्या खुराड्यात कोंडतात. फटी वाढल्या, गर्दी वाढली, धूळ कमी झाली. राख उवांविरुद्ध काम करते, कारण ऊ अंगावर असते. फटीत बसलेल्या माईटला अंगणातल्या राखेचा काय त्रास? म्हणून धुळीची जागा प्रत्येक परसात हवीच: पावसाने न भिजणारी, पत्र्याचा आडोसा असलेली, कोरडी माती, वाळू आणि चाळलेली राख. द्राक्षबागेत भुरीवर वापरतात तशी गंधकाची भुकटी तिच्यात थोडी मिसळता येते, पण पशुवैद्यकाला प्रमाण विचारून; गंधक डोळ्यांना आणि फुप्फुसांना झोंबतं, माणसाच्या आणि कोंबडीच्याही. त्यामुळे बंद खुराड्यात ते उधळू नये.

दुसरा आक्षेप याच्या जोडीने येतो: मग रसायनं नकोतच, वनस्पतीच वापरू. कडुनिंब, करंज, वेखंड, सीताफळाच्या बिया यांत कीड मारणारे घटक आहेत यात शंका नाही. स्वीडनमध्ये २००५ साली कडुनिंबाच्या अर्कात भिजवलेले पुठ्ठ्याचे सापळे खुराड्यात लावून तांबड्या माईटची संख्या मोठ्या प्रमाणात उतरवता आली. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कडुनिंब कोंबडीला लावलाच नव्हता. दडायला जागा शोधणाऱ्या माईटला दडण्याची जागाच विषारी करून दिली होती. आपल्याकडे नालीदार पुठ्ठ्याचे तुकडे दांडीखाली बांधून चार-पाच दिवसांनी जाळून टाकणं कुणालाही जमेल. मात्र वनस्पती म्हणजे निरुपद्रवी हे गृहीत धरू नये. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. उवांसाठी ती डोक्याला लावणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे वैद्यांनी नोंदवलेलं आहे. तंबाखूचा काढा तर सरळ विष आहे.

'वनस्पतिजन्य' या लेबलावर किती विसंबावं याचा धडा २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियमला मिळाला. तांबड्या माईटवर निलगिरी आणि मेंथॉलचं निर्धोक मिश्रण म्हणून पोल्ट्री फार्मवर जे फवारलं जात होतं त्यात फिप्रोनिल निघालं. खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांवर युरोपात हे कीटकनाशक वापरायला बंदी आहे. अंड्यांत त्याचे अंश सापडले, लाखो अंडी बाजारातून परत घेतली गेली, शंभरावर फार्म बंद ठेवावे लागले, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या आणि ती अंडी हाँगकाँगपर्यंत पोचलेली आढळली. शेतकऱ्यांचा दोष एवढाच की वर्षानुवर्षं हटत नसलेली कीड एका फवाऱ्यात गेली, तेव्हा 'यात असं आहे तरी काय?' हे त्यांनी विचारलं नाही. आपल्याकडेही गॅमेक्सिनची पावडर कोंबड्यांना चोळायची सवय जुन्या पिढीत होती. त्यातलं बीएचसी भारतात १९९७ पासून आणि त्याचाच शुद्ध प्रकार असलेलं लिंडेन २०१३ पासून बंद आहे. कोंबड्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं कार्बारिलही २०१८ मध्ये बंदीच्या यादीत गेलं. बीएचसी, लिंडेन चरबीत साठतात, आणि अंड्याच्या पिवळ्या बलकात चरबी भरपूर असते. माळ्यावर जुना डबा असेल तर तो वापरून संपवण्याचा मोह टाळावा.

म्हणजे रसायनं वापरायचीच नाहीत का? वापरायची, पण तीही त्या जीवाचा मुक्काम बघून. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधं अंगावरच्या उवांवर आणि रिकाम्या खुराड्याच्या फटींवर उपयोगी पडतात. जनावरांसाठी बनवलेलंच औषध घ्यावं; पिकांसाठीच्या औषधातले द्रावक वेगळे असतात आणि त्याच्या लेबलवर कोंबडीची मात्रा नसते. मासे आणि मांजर यांना हा गट फार घातक, म्हणून धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. युरोपात या गटाला न जुमानणारे तांबडे माईट पूर्वीपासून आढळले आहेत. अर्धवट मात्रा वारंवार मारणं हा असे माईट तयार करण्याचा खात्रीचा मार्ग. आयव्हरमेक्टिन हल्ली सगळ्यांवर रामबाण म्हणून दिलं जातं. ते रक्तातून फिरतं, त्यामुळे पायाच्या कातडीतल्या माईटवर ते चांगलं लागू पडतं; पण पिसं खाऊन जगणाऱ्या उवेच्या पोटात ते जाणारच किती? वर त्याचे अंश अंड्यात उतरतात. म्हणून अंडी खायची असतील तर ते पशुवैद्यकाच्या सांगण्यावरूनच द्यावं आणि किती दिवस अंडी टाकायची हेही विचारून घ्यावं. २०१७ मध्येच युरोपीय संघाने तांबड्या माईटसाठी फ्लुरालॅनर हे पिण्याच्या पाण्यातून द्यायचं औषध मान्य केलं. रक्त पिणाऱ्याला रक्तातूनच गाठायचं, ही कल्पना. इतकं आधुनिक औषध असूनही ते एकदाच देत नाहीत. सात दिवसांच्या अंतराने दोनदा देतात.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो बोलून दाखवला जात नाही पण वागण्यात असतो: चार कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? थोड्या उवा प्रत्येक कोंबडीवर असणारच, हे अगदी मान्य. कॅलिफोर्नियातल्याच २० घरगुती कळपांच्या २०१६ सालच्या पाहणीत ८० टक्के कळपांत बाह्य परजीवी सापडले होते, आणि ते काही मरणपंथाला लागलेले कळप नव्हते. शून्य उवांचा हट्ट धरणं व्यर्थच आहे. मात्र एकाच कोंबडीवर उवांचा सडा पडलेला असेल आणि बाकीच्या ठीक असतील, तर ती आधीच आजारी असण्याची शक्यता मोठी. तिने पिसं विंचरणं सोडलेलं असतं. तिथे औषधापेक्षा आजाराचा शोध महत्त्वाचा. तांबड्या माईटच्या बाबतीत मात्र 'थोडे असू देत' हे चालत नाही, कारण त्यांची संख्या आठवड्या-आठवड्याला चढत जाते आणि तलंगा, खुडूक कोंबड्या रक्त आटून मरतात. खटाटोप टाळायचा असेल, तर दर आठवड्याला दोन कोंबड्यांची शेपटीखालची पिसं आणि एक दांडी, एवढंच तपासायची सवय पुरते.

कीड परसात नव्याने शिरते ती बहुधा आठवडी बाजारातून आणलेल्या कोंबडीबरोबर. नवी कोंबडी तीन आठवडे निराळी ठेवावी. आल्या दिवशी पावडर लावावी, आठव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा लावावी, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी शेपटीखाली लिखा नाहीत हे पाहून कळपात सोडावी. तिला ज्या डालग्यातून किंवा गोणीतून आणलं त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, पण बांबूच्या विणीत तांबडे माईट आणि गोचीड आरामात प्रवास करतात. गोणी त्याच दिवशी जाळावी. डालगं परत द्यायचं नसेल तर उकळत्या पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवल्याशिवाय खुराड्याच्या जवळही ठेवू नये.